तांदूळ आहेत, भात आहे

इंग्रजी व्याकरणातला सगळ्यात निरुपयोगी नियम कुठला असं मला कुणी विचारलं, तर मी जराही न थांबता सांगेन: "जे मोजता येतं त्याला मेनी, जे मोजता येत नाही त्याला मच."

आठवला? आपण सगळ्यांनी तो घोकलाय. मराठी शाळेतल्यांनी तर जरा जास्तच. दिसायला किती सरळ नियम! आंबे मोजता येतात, म्हणून मेनी मँगोज. दूध मोजता येत नाही, म्हणून मच मिल्क. पण दूध मोजता येत नाही हे आमच्या सांगलीच्या गवळ्याला सांगून बघा बरं. तो रोज मापानं मोजून घालतो आणि महिनाअखेरीला पैसे मोजून घेतो. आणि पैशांचं काय? माणसानं आजवर सगळ्यात जास्त काय मोजलं असेल तर पैसे. त्यालाच नेमकं इंग्रजीत "हाऊ मच मनी". म्हणजे नियम पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत.

तक्रार एवढीच असती तर मी लिहायला बसले नसते. व्याकरणात असले लंगडे नियम बरेच असतात. पण हा नियम मराठी मुलांचं एक वेगळंच नुकसान करतो, ते सांगायचं आहे.

(नव्या वाचकांसाठी: माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. त्यामुळे उदाहरणं या दोन गावांच्या फार बाहेर जाणार नाहीत, आणि बरीचशी स्वयंपाकघरातली असतील. इलाज नाही. :) )

दिवाळीत साताऱ्याला गेले होते. भाची तिथल्या एका मराठी शाळेत पाचवीत आहे. शाळेचं नाव सांगत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही शाळेत हेच झालं असतं. तिची इंग्रजीची वही सहज चाळत होते. मच की मेनी, गाळलेल्या जागा भरा. शुगर, एग्ज, मिल्क, राइस, ब्रेड, नूडल्स. बाकी सगळं बरोबर, फक्त "मेनी राइस" याला लाल गोल आणि शेजारी इंग्रजीत एकच शब्द, "थिंक!" वर्गात उभं करून विचारलं म्हणे, की काय गं, तुझ्या घरी तांदूळ मोजून शिजवतात का? वर्ग हसला. तेव्हापासून बाईसाहेब इंग्रजीच्या तासाला हात वर करत नाहीत.

मी विचारलं, "पण तू मेनी का लिहिलंस?"

"आत्या, मी थिंक केलं होतं ना," ती म्हणाली. "आजी तांदूळ निवडते तेव्हा एकेक दिसतात. आणि आपण म्हणतो तांदूळ संपले. संपला नाही म्हणत."

यावर तुम्ही काय म्हणाल? मी तर गप्पच झाले. पाचवीतल्या मुलीनं आपल्या भाषेचं व्याकरण न शिकवता ओळखलं होतं, त्यावरून तर्क केला होता आणि तर्क पक्का होता. तिला जो नियम दिला होता, तो लावला तर तिचंच उत्तर बरोबर येतं. चूक नियमाची, आणि खाली मान घालायची मुलीनं.

आता जरा मराठीकडे बघू. आपण कधी लक्ष देत नाही, पण हा मोजण्या-न-मोजण्याचा खेळ मराठीतही आहे, आणि इंग्रजीपेक्षा कमी गमतीचा नाही. ओळखायची खूण अगदी सोपी. डब्यात "आहे" म्हणता की "आहेत"? साखर आहे, पीठ आहे, तूप आहे, गूळ आहे. पण शेंगदाणे आहेत, पोहे आहेत, तीळ आहेत, चुरमुरे आहेत. तांदूळ आहेत. आणि तेच तांदूळ शिजले, की भात आहे! कुकरच्या तीन शिट्ट्यांत अनेकवचनाचं एकवचन झालं. मग त्या भातातला एक दाणा दाखवायचा झाला तर आपल्याकडे त्यालाही वेगळा शब्द आहे, शीत. शितावरून भाताची परीक्षा. इंग्रजीकडे या तिन्हींसाठी मिळून एकच राइस. एक दाणा हवा असेल तर "अ ग्रेन ऑफ राइस" असं लांबण लावावं लागतं.

बरं, मराठीतही यामागे फार मोठं तर्कशास्त्र आहे अशातला भाग नाही. तांदूळ आहेत, पण ज्वारी आहे. तिळाचा दाणा केवढासा, तरी तीळ आहेत. साबुदाणा त्याच्या कितीतरी पट मोठा, मोत्यासारखा सुटा सुटा, नावातच दाणा, आणि तरी साबुदाणा आहे. कोरेगावचा वाघ्या घेवडा घ्या (त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय). एकेक दाणा ठसठशीत, अंगावर वाघासारखे पट्टे, अगदी सहज मोजावा असा. पण घेवडा आहे, घेवडा शिजला. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचंही तेच. पाहुणीला आपण सरळ एकवचनात घेऊन टाकलं: यंदा स्ट्रॉबेरी लवकर आली, अर्धा किलो स्ट्रॉबेरी दे.

सांगलीला आल्यावर मला यातली आणखी एक गंमत कळली. इथं हळदीचा मोठा बाजार. हळद म्हणजे न मोजायची आणि हळकुंड म्हणजे मोजायचं. वस्तू एकच, कुटण्याआधी एक वचन आणि कुटल्यानंतर दुसरं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होता येतं. अर्ध्या हळदीनं पिवळं झालेलं मी कुणाला ऐकलं नाही. पण बाजारात सौद्याला गेलं की पोत्यांत हळकुंडं भरलेली दिसत असली तरी सगळे म्हणतात, हळद आली, हळद चढली, हळद उतरली. पूर्वी जवळच हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत ही हळद साठवत. तिथेही हळदच साठवली, हळकुंडं नाहीत.

बेदाण्याचं बघा. मी घरात शिऱ्यावर घालते ते बेदाणे, अनेकवचनी. तासगावला सौदा होतो तो बेदाण्याचा, आणि भाव मिळतो तो बेदाण्याला. कांद्याचंही तसंच. पेपरात "लासलगावला कांदा घसरला" असं येतं, आणि घरात आपण चार कांदे चिरतो. शेतकरी म्हणतो, यंदा द्राक्ष चांगलं आहे. त्याची नातवंडं म्हणतात, द्राक्षं आंबट आहेत.

थोडक्यात, जो तोलून विकतो त्याला रास दिसते, आणि जो हातात घेऊन निवडतो, चिरतो, खातो, त्याला नग दिसतात. मोजता येणं न येणं हे त्या वस्तूत भरून ठेवलेलं नसतंच. बघणारा कुठे उभा आहे आणि त्याच्या भाषेनं काय ठरवलंय, यावर ते अवलंबून. आणि प्रत्येक भाषेनं वेगवेगळं ठरवलंय. इतकी साधी गोष्ट मुलांना का सांगत नाहीत?

कारण आपल्याला वाटतं, इंग्रजी म्हणजे शास्त्र. इंग्रजीत काहीतरी पक्कं कारण असणारच. नसतं हो! इंग्रजीत गहू न मोजायचा, व्हीट. आणि ओट्स मात्र मोजायचे, कायम अनेकवचनी. दोन्ही धान्यंच. भाषाशास्त्राच्या पुस्तकांत ही जोडी हटकून भेटते. नूडल्स मेनी, पण स्पगेटी मच. इटालियनमध्ये तीच स्पगेटी अनेकवचनी आहे, इंग्लंडला पोचेपर्यंत एकवचनी झाली. मटारची गोष्ट तर मला फारच आवडते. जुन्या इंग्रजीत "पीझ" असा शब्द होता आणि तो आपल्या मटारसारखा राशीला चालायचा. त्यातला शेवटचा "झ" लोकांच्या कानाला अनेकवचनाचा वाटायला लागला. मग सतराव्या शतकात कुणीकुणी तो काढून टाकला आणि "पी" असा एकटा दाणा जन्माला आला. म्हणजे साहेबानंसुद्धा चुकून मोजलं, आणि ती चूक आज बरोबर आहे. त्यांच्या वहीवर कुणी लाल गोल केला नाही.

फ्युअर आणि लेसचंही असंच. मोजायच्या वस्तूंना फ्युअरच म्हणायचं, लेस म्हटलं की गुन्हा, असं आपल्याला ठासून सांगतात. प्रत्यक्षात ही आवड १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या एका लेखकानं स्वतःचं मत म्हणून मांडली होती. त्याआधी कित्येक शतकं इंग्रज लोक दोन्हीकडे लेस वापरत होते. त्या मताचा पुढे नियम झाला. इतका, की टेस्को या ब्रिटिश दुकानांच्या साखळीनं २००८ मध्ये "१० वस्तू किंवा कमी" या पाटीवरच्या "लेस"वरून होणाऱ्या कटकटीला कंटाळून "१० वस्तूंपर्यंत" अशी पाटीच बदलली. ज्यांची भाषा, त्यांचाच असा गोंधळ. आणि आपण पाचवीतल्या पोरीला थिंक म्हणून सांगतो!

आणखी एक. आपल्या वह्यांमध्ये "आय ईट मच राइस" अशी वाक्यं बरोबरची खूण मिळवतात. तसं इंग्रज माणूस बोलत नाही. साध्या होकारार्थी वाक्यात तो "अ लॉट ऑफ राइस" म्हणतो; मच येतं ते प्रश्नात आणि नकारात. "अ लॉट ऑफ" हे तर मोजायच्या-न मोजायच्या दोन्हींना चालतं, आपल्या "खूप"सारखं. खूप आंबे, खूप साखर. पहिल्यांदा मुलांच्या हातात हा शब्द द्यायला हवा. त्यावर निम्मा संसार चालतो. पण परीक्षेत गाळलेली जागा मच-मेनीची असते, म्हणून शिकवायचंही तेच.

दोन चहाचीही अशीच रड. "टी मोजता येत नाही, टू कप्स ऑफ टी असंच लिही." अहो, लंडनच्या हॉटेलातही लोक "टू टीज" असं खुशाल मागवतात. टपरीवर आपण "दोन चहा, एक कॉफी" म्हणतो तसंच. इथे मराठी आणि इंग्रजी चक्क एका बाकावर बसलेत, तर आपणच त्यांना उठवून वेगळं बसवतो.

तर मग करायचं काय? माझं म्हणणं असं की हा भाग इंग्रजीच्या तासाला मराठीतून सुरू करावा. हो, मराठीतून. इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द काढायचा नाही, हा जो सोवळेपणा आहे तो निदान इथे तरी गुंडाळून ठेवावा. मुलांना विचारा, घरी काय काय आहे आणि काय काय आहेत? दोन रकाने करा. "आहे"च्या रकान्यात साखर, मीठ, दूध, तेल, पीठ, लोणी, पाणी. या सगळ्यांना मच. "आहेत"च्या रकान्यात आंबे, अंडी, केळी, कांदे, शेंगदाणे, बेदाणे, बिस्किटं. या सगळ्यांना मेनी. बहुतेक शब्द आपापल्या घरी नीट जाऊन बसतात. मुलाला कळतं, अरेच्चा, हे तर मला येतंच होतं!

मग उरतात ते घर बदललेले. तेवढेच पाठ करायचे. आपल्याकडे "आहेत" पण इंग्रजीत मच: तांदूळ, पोहे, चुरमुरे, लाह्या (पॉपकॉर्न), शेवया, आणि खाण्यातले नसले तरी पैसे. उलट, आपल्याकडे "आहे" पण इंग्रजीत मेनी: घेवडा, मटार, स्ट्रॉबेरी, मसूर. मी दुपारभर बसून आठवले, तरी बाराच्या वर गेले नाहीत. बारा शब्द कुठल्याही मुलाचे पाठ होतील. क्रिकेटच्या संघातले अकरा आणि एक राखीव.

भाचीबरोबर मी हे करून बघितलं. साताऱ्याच्या घरात, आईच्या डब्यांच्या फळीसमोर उभं राहून. एकेक डबा उघडायचा, आहे की आहेत ते म्हणायचं आणि मग इंग्रजी. अर्ध्या तासात सगळी फळी झाली. गव्हाच्या डब्यापाशी जरा भांडण झालं, कारण आई म्हणते गहू संपले आणि वहिनी म्हणते गहू संपला. दोघीही बरोबर! कंदी पेढ्यांच्या पुड्यापाशी तिनंच शंका काढली, की पेढे आहेत, पण आपण आणले अर्धा किलो, मग मच की मेनी? मी म्हटलं, तूच सांग. "खायचे असले की मेनी," ती म्हणाली. आणि एक उचललाच.

यानं तिला इंग्रजीची गोडी लागली, असं काही मी म्हणणार नाही. वर्गात हात वर करायला लागली का, तेही अजून कळलं नाही. एकदा गेलेली भीड परत लवकर येते, पण एकदा बसलेली भीती उठता उठत नाही. मला काळजी आहे ती याचीच. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत यायचं. लवकर सुरू केलं की भीती जाईल, असा हिशोब होता. पण आपलं घरचं बोलणं म्हणजे चुकांचं मूळ, असंच जर मूल शिकणार असेल, तर लवकर सुरू करून आपण भीतीच चार वर्षं आधी आणली की!

शिक्षकांवर माझा राग नाही. एका वर्गात इतकी मुलं, वर परीक्षा, वर कागदपत्रं. पुस्तकातला नियम पुढे सरकवणं सोपं पडतं. पण दोन रकाने काढायला वेगळा वेळ लागत नाही. खडू आणि फळा पुरतो.

आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर पुण्यातली नणंद फोन करून ऐकवेल. :) इंग्रजी माध्यमातली आपली मुलं याच वाटेनं उलटी चालली आहेत. "आई, राइस दे." कुठला राइस? पातेल्यातला की डब्यातला? तांदूळ आणि भात यांतला फरक त्यांच्या तोंडून गेला, आणि शीत तर त्यांनी ऐकलेलंच नसतं. पोहेही आता "पोहा" व्हायला लागलाय. हॉटेलच्या पाट्यांवर तसंच लिहितात आणि मुलं तेच वाचतात. माझ्या सासूबाईंच्या बोलण्यात अजून मापटं, चिपटं, शेर, पायली येतात. चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण. ती मापं दुकानातून १९६०च्या दशकात गेली, ते ठीकच झालं, किलो बरा. पण चिमूटभर मीठ, मूठभर शेंगदाणे, पसाभर तांदूळ, पळीभर तेल, घोटभर पाणी, यांना कुणी कायद्यानं बंदी केलेली नाही. एकेका "भर"मध्ये हात, भांडं आणि अंदाज तिन्ही आहेत. आणि इंग्रजीतलं "अ पिंच ऑफ", "अ हँडफुल ऑफ" शिकवायला यापेक्षा चांगली वाट कुठली?

म्हणून मला वाटतं, दोन्ही माध्यमांच्या मुलांना औषध एकच लागू पडेल. आधी स्वतःच्या भाषेत डबे उघडायला शिकवा. मराठी शाळेतल्या मुलाची त्यानं भीती जाईल, इंग्रजी शाळेतल्या मुलाला तांदूळ परत मिळतील.

असो. बरंच लिहिलं. (बरेच नाही, बरंच. लिखाण आहे, आहेत नाही.) तुमच्या घरी गहू संपतो की संपतात? कोकणातल्या आणि विदर्भातल्या मंडळींनी तर नक्की सांगा. आणि बारा शब्दांच्या माझ्या यादीत तेरावा कुणाला सापडला, तर तोही कळवा. भाचीला पाठवते.